खात्यावरची तूट आणि तारखांचे गणित

(रब्बी शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रब्बीच्या मेळाव्यात माझ्याकडे दरवर्षी हरभऱ्याची पेरणी, बीजप्रक्रिया किंवा पाणी व्यवस्थापन असा एखादा विषय असतो. यंदा मी संयोजकांकडून बँकेचा विषय मागून घेतला. कृषिविद्येच्या माणसाने बँकेविषयी बोलावे याचे आपल्याला नवल वाटेल. परंतु स्फुरदाची मात्रा पेरणीबरोबर जमिनीत गेली नाही तर नंतर वरून देऊन तिचा फारसा उपयोग होत नाही, हे आम्ही वर्गात शिकवतो. ती मात्रा वेळेवर का गेली नाही याचे कारण पुष्कळदा पासबुकात सापडते. हे मला माझ्या घरीच शिकावे लागले.

माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, गावी अडीच एकरांत सोयाबीन-हरभरा करतात आणि दोन म्हशी सांभाळतात. म्हशींसाठी त्यांनी एका वित्तसंस्थेकडून कर्ज घेतले होते. महिन्याचा हप्ता ५ तारखेला बचत खात्यातून आपोआप वळता व्हावा, असे संमतिपत्र त्यांनी कर्ज घेतानाच सही करून दिले होते. दुधाचे बिल दर दहा दिवसांचे निघते. महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांचे बिल खात्यावर ७ किंवा ८ तारखेला जमा होई. म्हणजे पैसे येत होते, हप्त्यापुरते येत होते. फक्त तीन दिवस उशिरा. ५ तारखेला खात्यात तूट असल्यामुळे हप्त्याची मागणी परत जाई. त्याबद्दल बँक आपले शुल्क कापून घेई आणि वित्तसंस्था आपले वेगळे शुल्क लावी. दोन्ही मिळून महिन्याला साडेसातशे रुपयांच्या आसपास. पाच महिन्यांत पावणेचार हजार रुपये असे गेले.

आबांची समजूत अशी की, बँक दोन-तीन दिवस सांभाळून घेते आणि दुधाचे पैसे आले की हप्ता वळता करते. तशी सोय त्या खात्याला नव्हतीच. जूनमध्ये ते किसान क्रेडिट कार्डाच्या नूतनीकरणासाठी गेले, तेव्हा हप्ते थकल्याच्या नोंदी पुढे आल्या आणि काम तीन आठवडे अडले. तोवर पाऊस झाला, वाफसा आला. बियाणे उधारीवर मिळाले, सुपर फॉस्फेट मिळाले नाही. पेरणी स्फुरदाविना झाली. त्या वर्षी उतारा घटला. त्यातला किती खतामुळे व किती ऑगस्टमधल्या उघडिपीमुळे, हे मला सांगता येणार नाही. दिवाळीत घरी गेलो तेव्हा मी पासबुक पाहिले. आबा एवढेच म्हणाले, "तुला काय सांगायचे, आपलीच चूक."

मी शेकडो शेतकऱ्यांना खताचे वेळापत्रक लिहून दिले आहे. वडिलांचे पासबुक मात्र तोपर्यंत उघडले नव्हते. म्हणून आजचा विषय हा.

कोणत्या खात्यावर तूट चालते?

खात्यात शिल्लक नसताना ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम उचलू देण्याची जी सोय असते, तिला ओव्हरड्राफ्ट म्हणतात. ती प्रत्येक खात्याला आपोआप मिळत नाही. आपल्या हातातील खाते कोणत्या प्रकारचे आहे हे प्रथम ओळखावे.

साध्या बचत खात्यावर अशी उचल नसते. शिल्लक कमी पडली की धनादेश किंवा हप्त्याची मागणी परत जाते आणि परत गेल्याचे शुल्क आपल्याला पडते. म्हणजे पैसेही मिळत नाहीत आणि खर्चही होतो.

प्रधानमंत्री जनधन योजना २०१४ साली सुरू झाली. या खात्यावर मर्यादित उचल मिळू शकते. तिची कमाल मर्यादा २०१८ साली ५,००० रुपयांवरून १०,००० रुपये करण्यात आली. त्यातील २,००० रुपयांपर्यंतच्या उचलीला अटी नाहीत. त्यापुढील रकमेसाठी खाते किमान सहा महिने चांगले चाललेले असावे लागते. ही उचल एका कुटुंबात एकाच खात्यावर, शक्यतो घरातील स्त्रीच्या खात्यावर मिळते. ती मागावी लागते आणि तिला व्याज असते.

शेतकऱ्याचे खरे उचल खाते म्हणजे किसान क्रेडिट कार्ड. ही योजना १९९८ साली आली. पिकाचा मंजूर कर्जदर गुणिले क्षेत्र, अधिक घरखर्च व काढणीनंतरच्या गरजांसाठी १० टक्के, अधिक शेतीच्या साधनांच्या देखभालीसाठी २० टक्के, तसेच पीक विम्याचा हप्ता, अशी पहिल्या वर्षाची मर्यादा ठरते. कार्डाची मुदत पाच वर्षांची असते व दरवर्षी आढावा होतो. मर्यादेच्या आत कितीही वेळा पैसे काढता येतात आणि भरता येतात. आपल्यापैकी बरेच जण मात्र ही मर्यादा जूनमध्ये एकदम उचलतात आणि वर्षाने एकदम भरतात. त्यामुळे खात्याच्या या सोयीचा उपयोगच होत नाही.

बचत खात्यावरील तीन कपाती

पहिली कपात किमान शिल्लक न ठेवल्याची. ही सगळीकडे सारखी नाही. भारतीय स्टेट बँकेने बचत खात्यावरील हे शुल्क २०२० साली बंद केले आणि २०२५ साली आणखी काही सरकारी बँकांनी ते काढून टाकले. आपल्या बँकेत ते आहे का, हे शाखेत विचारावे. असल्यास खाते 'मूलभूत बचत ठेव खाते' या प्रकारात बदलून देण्याचा अर्ज करावा. त्याला किमान शिलकीची अट नसते आणि महिन्यात किमान चार वेळा पैसे काढणे मोफत असते. मात्र असे खाते असताना त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. केवळ किमान शिलकीच्या दंडामुळे बचत खाते शून्याखाली जाऊ देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू झाला. पासबुकात शिल्लक उणे दिसत असेल आणि कारण एवढेच असेल, तर ती नोंद तक्रारीस पात्र आहे.

दुसरी कपात हप्ता परत गेल्याची. यावर उपाय तारखेचा आहे. आपल्या खात्यावर पैसे नक्की कोणत्या तारखेला येतात हे मागील सहा महिन्यांच्या नोंदींवरून पाहावे आणि हप्त्याची तारीख त्यानंतर तीन-चार दिवसांची मागून घ्यावी. त्यासाठी कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी अर्ज करावा. मागणी एकदा परत गेल्यावर काही संस्था ती त्याच महिन्यात पुन्हा पाठवतात व दर वेळी शुल्क पडते. म्हणून पहिल्या परतीचा संदेश मोबाईलवर येताच संस्थेला फोन करावा, हप्ता रोखीने किंवा अन्य मार्गाने भरून पावती घ्यावी आणि मागणी पुन्हा पाठवू नका असे सांगावे. संमतिपत्र दिलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटल्यावर ते रद्द झाल्याचीही खात्री करून घ्यावी.

तिसरी कपात धनादेश परत गेल्याची. येथे शुल्कापेक्षा मोठी गोष्ट पणाला लागते. पुरेशी शिल्लक नसल्याने धनादेश परत गेला, तर पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली खटला होऊ शकतो. बँकेकडून परतीची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत धनादेश घेणाऱ्याने लेखी नोटीस द्यायची असते. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत रक्कम दिली तर प्रकरण तेथेच थांबते. न दिल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून अशी नोटीस टपालाने आली तर ती न घेता परत पाठवण्याची चूक करू नये. त्याचप्रमाणे उधारीसाठी दुकानात कोरा धनादेश सही करून ठेवणे टाळावे. द्यावाच लागला तर त्यावर रक्कम व तारीख स्वतः लिहावी आणि उधारी फिटताच तो परत मागून घ्यावा.

कार्डावरील व्याज दिवसाने मोजतात

किसान क्रेडिट कार्डावर व्याज मंजूर मर्यादेवर लागत नाही. ज्या दिवशी जेवढी रक्कम आपल्याकडे आहे, तिच्यावर तेवढ्या दिवसांचे लागते. एक उदाहरण घेऊ. समजा मर्यादा १,५०,००० रुपये आहे व व्याजदर ७ टक्के.

पहिल्या शेतकऱ्याने सर्व रक्कम १ जूनला उचलली व ३१ मार्चला भरली. दिवस झाले ३०३. व्याज ८,७१६ रुपये.

दुसऱ्याने पेरणीसाठी १ जूनला ६०,००० रुपये, फवारणी व मजुरीसाठी १ ऑगस्टला ४०,००० रुपये आणि हरभऱ्यासाठी १ नोव्हेंबरला ५०,००० रुपये उचलले. तोही ३१ मार्चलाच भरतो. त्याचे व्याज ६,७८१ रुपये होते.

तिसऱ्याने दुसऱ्याप्रमाणेच उचल केली, पण सोयाबीन विकल्यावर १ डिसेंबरला ८०,००० रुपये कार्डाच्या खात्यात भरले. त्याचे व्याज ४,९४० रुपये होते. पीक तेच, मर्यादा तीच. पहिल्यात व तिसऱ्यात ३,७७६ रुपयांचा फरक पडला. शिवाय तिसऱ्याला पुढे गरज पडली तर भरलेली रक्कम मर्यादेच्या आत पुन्हा काढता येते.

आपण म्हणाल, वेळेवर भरणाऱ्याला व्याज सवलत मिळते, मग हा हिशोब कशाला? सवलत मिळते हे खरे आहे. केंद्राच्या योजनेत ३ लाखांपर्यंतचे पीक कर्ज ७ टक्क्यांनी मिळते आणि मुदतीत फेडल्यास ३ टक्के सवलत मिळते. २०२५-२६ सालासाठीही ही योजना चालू ठेवली गेली. महाराष्ट्र शासनाने डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत २०२१-२२ पासून ३ लाखांपर्यंतचे कर्ज मुदतीत फेडणाऱ्यास शून्य टक्के व्याजाने देण्याचा निर्णय केला. परंतु या सवलती तारखेला बांधलेल्या आहेत. केंद्राची सवलत बँकेने ठरवलेल्या मुदतीपर्यंत, आणि जास्तीत जास्त उचलीपासून एक वर्षापर्यंतच मिळते. तारीख हुकली की सवलत जाते आणि मुदतीनंतर बँकेचा नेहमीचा दर लागतो. ज्याने रक्कम टप्प्याने उचलली व मालाचे पैसे येताच भरली, त्याच्यावर शेवटच्या तारखेला भरायचा बोजाच लहान राहतो. तारीख पाळणे त्यालाच सोपे जाते.

ही तारीख आपल्या शाखेतून लेखी घ्यावी. सोसायटीच्या सभासदाची तारीख व बँकेच्या कार्डधारकाची तारीख एकच असेल असे नाही. शेजाऱ्याने सांगितलेल्या तारखेवर विसंबू नये.

आणखी एक काळजी घ्यावी. पूर्ण मर्यादा कधीही उचलू नये. मर्यादा भरलेली असताना व्याजाची रक्कम खात्यावर नावे पडली की खाते मर्यादेबाहेर जाते. मर्यादेचा निदान दहावा हिस्सा तसाच ठेवावा.

नवे-जुने करताना

मार्च-जूनच्या सुमारास 'नवे-जुने' करण्याची धावपळ आपल्याला ठाऊक आहे. खाते भरण्यासाठी आठ दिवसांकरिता सावकाराकडून रक्कम घ्यायची, बँकेत भरायची, नवे कर्ज उचलायचे आणि सावकाराचे देऊन टाकायचे. शेकडा ३ रुपये धरले तरी १,५०,००० रुपयांवर आठ दिवसांचे ४,५०० रुपये गेले. यात नवे कर्ज आठ दिवस लांबले, तर सावकाराचे व्याज दुसऱ्यांदा सुरू होते.

किसान क्रेडिट कार्डाच्या योजनेत प्रत्येक उचल बारा महिन्यांच्या आत फिटली पाहिजे अशी अट आहे. खाते कधीतरी एकदम शून्यावर आणलेच पाहिजे अशी नाही. ऑक्टोबरपासून मालाचे पैसे टप्प्याटप्प्याने भरत गेल्यास जूनची उचल पुढच्या जूनपूर्वी आपोआप फिटते. आपल्या शाखेत याची नोंद कशी धरतात आणि सवलतीसाठी कोणती भरणा तारीख मानतात, हे दिवाळीपूर्वीच विचारून घ्यावे. सोसायटीमार्फत घेतलेल्या कर्जाची पद्धत वेगळी असते. तेथे सचिवांकडून माहिती घ्यावी.

पासबुकात काय पाहावे?

पीक पाहणीला जाताना आपण आधी कीड कुठे लपते तेथे पाहतो. पासबुकातही तसेच पाहावे.

१. प्रक्रिया, कागदपत्रे, तपासणी व खातेपान शुल्क : ३ लाखांपर्यंतच्या किसान क्रेडिट कार्डासाठी ही शुल्के माफ करावीत, अशी सूचना भारतीय बँक संघाने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना केली. अशी नोंद दिसल्यास ती कशाबद्दल आहे, हे लेखी विचारावे.

२. पीक विम्याचा हप्ता : खरीप २०२० पासून कर्जदार शेतकऱ्यालाही विमा ऐच्छिक झाला. विमा नको असल्यास अंतिम तारखेच्या किमान सात दिवस आधी बँकेत तसे लिहून द्यावे लागते. विमा हवा असेल तर कापलेला हप्ता आपण प्रत्यक्ष पेरलेल्या पिकाचाच आहे ना, हे पाहावे. पीक चुकीचे लागले तर भरपाईच्या वेळी अडचण येते.

३. दंड : कर्जावरील दंडाबाबत रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी नवे नियम काढले. ते नव्या कर्जांना १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. आता व्याजदर वाढवून दंड आकारता येत नाही. तो स्वतंत्र शुल्क म्हणून दाखवावा लागतो आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. दंड किती व कशासाठी, हे कर्जाच्या करारात लिहिलेले असावे लागते.

४. व्याजावर व्याज : मुदतीत असलेल्या पीक कर्जावर चक्रवाढ व्याज लावू नये असा नियम आहे. मुदत टळलेल्या कर्जाची गोष्ट वेगळी. म्हणूनही तारीख महत्त्वाची.

याखेरीज आपल्या नावावरील कर्जांचा अहवाल प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा मोफत मिळतो. फिटलेले कर्ज त्यात थकीत दिसत नाही ना, हे मे महिन्यापूर्वी तपासावे. जूनमध्ये कळून उपयोग नाही. आबांना ते जूनमध्ये कळले.

तक्रार कशी करावी?

खिडकीवर उभे राहून वाद घालण्याने काम होत नाही आणि लहान कर्मचाऱ्याच्या हाती फारसे अधिकारही नसतात. साध्या कागदावर खाते क्रमांक, कपातीची तारीख, रक्कम आणि "ही कपात कोणत्या नियमाने केली ते कळवावे व चुकीची असल्यास परत करावी" एवढेच लिहावे. दोन प्रती कराव्यात, एकीवर शाखेचा शिक्का व तारीख घ्यावी. ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. देशभरासाठी एकच लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ पासून सुरू झाली. तक्रारीला फी नाही व वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. शिक्क्याची प्रत जपून ठेवलेली असेल तरच पुढचे काम सोपे होते.

घरात लावण्याचा तक्ता

शेवटी एक लहानसे काम सांगतो. घरात जेथे फवारणीचे वेळापत्रक लावता, त्याच्या शेजारी एक कागद लावावा. त्यावर पाच तारखा लिहाव्यात : दुधाचे, उसाचे किंवा इतर बिल प्रत्यक्ष जमा होण्याची तारीख, प्रत्येक हप्त्याची तारीख, पीक कर्ज फेडण्याची शेवटची तारीख, पीक विम्याची अंतिम तारीख, आणि कार्डाच्या आढाव्याची तारीख. दर महिन्याला बाजाराच्या दिवशी पासबुक भरून आणावे आणि घरातील शिकत्या मुला-मुलीकडून प्रत्येक कपातीपुढे पेन्सिलने कारण लिहून घ्यावे. ज्या कपातीचे कारण लिहिता येत नाही, तिच्याबद्दल शाखेत विचारावे.

आबांच्या हप्त्याची तारीख आम्ही अर्ज करून १२ केली. दूध तेवढेच आहे, हप्ता तेवढाच आहे. त्यानंतर एकही मागणी परत गेलेली नाही. पुढच्या जूनमध्ये कार्डाचे काम वेळेवर झाले आणि सुपर फॉस्फेट पेरणीबरोबर पडले.

मुलांना मी मुद्दाम सांगतो : आई-वडील ही गोष्ट आपणहून सांगणार नाहीत. त्यांना ती स्वतःची चूक वाटते. तुम्हीच पासबुक मागून घ्या. आणि थोरल्यांना विनंती अशी की, पिकावर रोग दिसला की आपण पान तोडून आमच्याकडे घेऊन येता, त्यात कमीपणा मानत नाही. खात्यावरची तूटही तशीच दाखवावी. वेळेवर दाखवली तर तिच्यावर उपाय आहे.